मिठागरांचे फोटो, पेडण्यातल्या एका हायस्कुलात

पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या कलादालनात सध्या मिठागरांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं आहे. मे महिन्याची सुट्टी पडेपर्यंत ते राहील. पणजीत नाही, जाहिरात नाही, शाळेतलं आहे, म्हणून कुणी ते सोडून देऊ नये. गोव्यात मी बघितलेल्या छायाचित्र प्रदर्शनांत मला हे सगळ्यांत उजवं वाटलं, आणि का वाटलं ते जरा सविस्तर लिहिते.

शाळेचं, छायाचित्रकाराचं आणि फोटोतल्या माणसांचं नाव मी इथं मुद्दाम घालत नाही. दालन शाळेच्या आवारात आहे, शेजारी वर्ग चालू असतात, प्रदर्शनात मुलांचं काम आहे. येणाऱ्याने आधी विचारून यावं एवढीच शाळेची अपेक्षा आहे. पेडण्यात उतरून 'मिठाचे फोटो कुठं लागलेत' असं विचारलंत तरी कुणीही वाट दाखवेल.

मी म्हापशात औषधांचं दुकान चालवते आणि माझं आजोळ आगरवाड्याचं, शापोरा नदीच्या काठचं. आजीची सगळी हयात मिठागरावर गेली. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी मुलं तिथंच असायचो, आणि बांधावर पळू नका म्हणून ओरडा खायचो, कारण मिठागराचा बांध म्हणजे एका माणसाची वाट असते आणि तो ढासळला तर दुरुस्त करायला पुन्हा कुणाची तरी कंबर मोडते. तेव्हा मिठागर मला आतून माहीत आहे, आणि चांदीचे क्षार मला धंद्यामुळे माहीत आहेत. या प्रदर्शनात दोन्ही लागतात, ते कसं ते पुढं येईलच.

दालन म्हणजे शाळेची जुनी विज्ञान प्रयोगशाळा. वर मंगळुरी कौलं, खाली जुन्या लाल लाद्या, काळ्या कडाप्प्याची टेबलं काढून भिंतीला लावलेली. भिंती पांढऱ्या केल्यात पण फार गुळगुळीत नाहीत, आणि तेच बरं आहे. फोटो नेहमीपेक्षा खाली टांगलेत. पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतील एवढ्या उंचीवर. मोठ्या माणसाला थोडं वाकावं लागतं. पहिल्या दोन फोटोंना हे खटकतं, मग सवय होते, आणि वाकून बघताना माणूस फोटोपाशी जास्त वेळ थांबतो असं माझं निरीक्षण आहे. काचा लावलेल्या नाहीत. दुपारी खिडकीचा उजेड फोटोवर चमकत नाही, ही फार मोठी सोय. पणजीतल्या एका नावाजलेल्या दालनात मी काचेत फोटोपेक्षा स्वतःचा चेहराच जास्त बघून परत आले होते.

छायाचित्रकार डिचोलीचा. पाच-सहा हंगाम तो आगरवाडा, नेरूल आणि रायबंदर इथल्या मिठागरांवर जात होता. फोटो चाळीसेक आहेत, बहुतेक कृष्णधवल. गोव्याचं मिठागर म्हटलं की जो फोटो सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे मावळता सूर्य, पाण्यात आकाश आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बायकांच्या काळ्या आकृत्या, तो इथं जवळजवळ नाही. पणजीहून रायबंदरच्या कॉजवेवरून जुन्या गोव्याला जाताना गाडी थांबवून असे फोटो काढणारे पुष्कळ लोक मी बघितलेत. त्या फोटोत बाईचा चेहरा कधीच नसतो. या माणसाने सूर्य पाठीवर घेतला आणि कॅमेरा चेहऱ्यावर लावला.

मांडणी हंगामाच्या क्रमाने आहे. पाऊस सरला की आगरात साठलेलं गोडं पाणी काढून टाकायचं, खचलेले बांध चिखल थापून उभे करायचे, कप्प्यांचा तळ पायांनी चोपून दगडासारखा घट्ट करायचा, मग उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ते एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात असं हळूहळू तापवत न्यायचं. मीठ हातात यायला बहुधा फेब्रुवारी उजाडतो. त्याआधीचे दोन-तीन महिने नुसता चिखल. बघायला येणाऱ्या परक्या माणसाला त्यात काही दिसत नाही, म्हणून त्या दिवसांचे फोटो कुठंच नसतात. इथं जवळजवळ एक तृतीयांश भिंत त्या चिखलाला दिली आहे. माझ्या आजीला हे बघायला मिळायला हवं होतं. ती म्हणायची की मीठ मार्गशीर्षात होतं, शिमग्याला नुसतं दिसायला लागतं.

तळ चोपण्याचा एक मोठा फोटो आहे. कॅमेरा चिखलाला टेकवून ठेवलेला, आणि समोर ओळीने पावलं, घोट्यापर्यंत मळलेली. टाचा वर आहेत, एकाच क्षणी. हे काम तालावर करतात, एकट्याने केलं तर तळ सारखा होत नाही, कुठं उंच कुठं सखल राहतो आणि मग तिथं पाणी साचून मीठ नीट बसत नाही. फोटोत तो ताल दिसतो. डाव्या कडेला एकच पाऊल जरा मागे पडलंय, कुण्या नवख्या पोराचं असावं. छायाचित्रकाराने ते कापून काढलं नाही.

त्याच्या शेजारी मानशीचे दोन फोटो जोडीने लावलेत. एकाच जागेवरून काढलेले, एक भरतीला, एक ओहोटीला. मानस म्हणजे खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधातलं लाकडी दार. आमच्या पूर्वजांनी ते असं काही बसवलं की भरतीचं पाणी चढलं की नदीकडच्या दाबाने झडप आपसूक मिटते आणि ओहोटीला आतलं जास्तीचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. शेताला खारं पाणी नको असतं, म्हणून ही युक्ती. मिठागरवाल्याला मात्र तेच खारं पाणी हवं असतं, तेव्हा तो उधाण बघून फळ्या हाताने उचलतो. दोन फोटोंत पाण्याच्या रेषेतला फरक माणसाच्या कमरेएवढा आहे. खाली दोन ओळींचा मजकूर आणि तिथीही लिहिली आहे, अमावास्या. शाळेतल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातली भरती-ओहोटी इतकी चांगली कुणी समजावली नसेल.

मग पाणी दाट होत जातं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, आणि त्या पाण्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग उडून गेल्याशिवाय खाण्याच्या मिठाचा कण धरत नाही. आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग मीठ, आणि त्याहीपुढं पाणी आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार खाली बसून मीठ कडू होतं. म्हणून कुठल्या कप्प्यातून पाणी कधी पुढं सोडायचं, मीठ कधी ओढायचं आणि उरलेलं कडू पाणी कधी काढून टाकायचं, हा सगळा खेळ आहे. कारखान्यात यासाठी मोजायचं उपकरण असतं. आगरावर ते डोळ्यांनी, बोटांनी आणि जिभेने ठरतं. एका फोटोत एक म्हातारा माणूस वाकून पाण्यात दोन बोटं बुडवून ती एकमेकांवर घासतोय. बस, एवढंच. पण त्याची नजर पाण्याकडे नाही, कुठंतरी लांब आहे, जसं आपण काहीतरी ऐकत असताना होतं. मी त्या फोटोपाशी बराच वेळ उभी होते. हे शिकवता येत नाही आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर जातं.

दाट झालेल्या पाण्याला गुलाबी छटा येते, खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. इथं कृष्णधवलने घात केला आहे असं मला वाटलं. आगरावर काम करणारे त्या रंगावरूनच ओळखतात की आता झालं. तो रंग काढून टाकला की बघणाऱ्याच्या हातून एक महत्त्वाची खूण सुटते. निदान हा एक फोटो रंगीत असायला हवा होता. मी छायाचित्रकाराला तसं म्हटलंही. त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि पुढच्या हंगामात तो कप्पा रंगीत काढीन म्हणाला.

मीठ ओढण्याचे, ढीग करण्याचे, टोपल्या भरण्याचे फोटो अपेक्षेप्रमाणे चांगले आहेत, त्यावर फार लिहीत नाही. एकच सांगते. टोपली डोक्यावर असतानाचा फोटो त्याने कमी घेतलाय, टोपली उतरवल्यानंतरचा जास्त. चुंबळ काढून हातात धरलेली, मान एका बाजूला कलती केलेली, केसांत मिठाचं पाणी वाळून पांढरं झालेलं. ओल्या मिठाच्या टोपलीतून पाणी झिरपत मानेवरून खाली येतं आणि हंगामाच्या शेवटी तिथली कातडी फाटते. आमच्या घरी आजीच्या मानेला रात्री खोबरेल तेल चोळायचं काम नातवंडांचं होतं. या फोटोतल्या बाईच्या मानेवर त्या भेगा स्पष्ट दिसतात. तिने तो फोटो बघितलाय, तिची परवानगी आहे, आणि फोटोखाली तिचं पूर्ण नाव आहे.

नावांबद्दल लिहायलाच हवं. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, गाव, वय आणि तो किंवा ती आगरावर काय काम करते हे देवनागरीत, ठळक अक्षरांत. छायाचित्रकाराचं स्वतःचं नाव फक्त दाराशेजारच्या एका छोट्या कागदावर. 'मीठ कामगार, गोवा' अशी पाटी एकदाही नाही. गोकर्णहून हंगामापुरते आलेले दोन भाऊ आहेत, त्यांचीही नावं आहेत आणि त्यांच्या गावाचंही. हे मला विशेष वाटलं, कारण आपल्याकडे परंपरेच्या गप्पा चालल्या की बाहेरून येऊन ती परंपरा पाठीवर वाहणारी माणसं हटकून वगळली जातात. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जे काम वर्षानुवर्षं टिपलं, त्यातही माणसं आधी माणसं म्हणून समोर येतात आणि घाण त्यानंतर. इथंही चेहरा आधी, मीठ मागाहून. माझ्या मते माहितीपट काढणारा असो की फोटो काढणारा, त्याची परीक्षा इथंच आहे: ज्याचा फोटो काढला तो माणूस समोर उभा राहून 'होय, हे असंच आहे' म्हणू शकतो का.

आणि इथं तो माणूस खरंच समोर उभा राहतो. मी गेले त्या संध्याकाळी आगरावरचं काम आटोपून चार-पाच बायका आल्या होत्या, पाय धुऊन, चांगली लुगडी नेसून. त्यातली एक वयस्कर बाई एका हाताच्या फोटोपुढं थांबली. मुठीतून मीठ सुटत असलेला हात, बोटांची नखं झिजलेली. खाली तिचं नाव होतं. तिने नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "हो हात माजो न्हय गो. माज्या जावेचो." बाकीच्या पुढं झाल्या, बांगडीवरून, करंगळीवरून चर्चा झाली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. छायाचित्रकार तिथंच होता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, नाव खोडलं, जावेचं नाव लिहिलं, आणि "काकी, तिका सांगात हांव येतलों म्हूण" असं म्हणून तिला नमस्कार केला. ती खोडलेली पाटी अजून तशीच आहे. नवीन छापून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता नावडलेलं. दाराच्या डाव्या भिंतीवर ड्रोनने काढलेले सहा मोठे रंगीत फोटो आहेत. वरून दिसणारे कप्पे, हिरवट, तपकिरी, पांढरे चौकोन. सुंदर आहेत, नाही असं नाही. पण एवढ्या वरून माणूस दिसत नाही, बांध कुणी बांधला ते दिसत नाही, आणि उरलेल्या सगळ्या भिंतींवर जे कष्टाने उभं केलंय ते इथं विसरल्यासारखं होतं. एकच फोटो उपयोगाचा आहे, नेरूलकडचा, ज्यात चालू आगराला लागूनच भराव टाकून सपाट केलेली जमीन दिसते. तो एक ठेवून बाकीचे पाच उतरवले तर मुलांच्या कामाला आणखी जागा मिळेल.

इतिहासाचा फलकही घाईत केल्यासारखा वाटला. अक्षर बारीक आणि मजकूर दाट. त्यातली मूळ गोष्ट मात्र सगळ्या गोंयकारांनी वाचावी अशी आहे. १८७८ सालच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं, किती आगरं चालवायची आणि किती मीठ काढायचं हे बाहेरचे ठरवू लागले, आणि १८९२ मध्ये तहाची मुदत सरेपर्यंत पुष्कळ आगरं बंद पडली होती. हंगामाचं काम गेलं तसे लोक पोटासाठी बाहेर पडले. मिठाचा सत्याग्रह शाळेत सगळेच शिकतात, पण त्याच्या पन्नास वर्षं आधी आपल्याच खाडीकाठी मिठावरून काय घडलं ते आमच्या पुस्तकात नव्हतं. हा फलक मोठ्या अक्षरांत, थोडक्यात, मानशीच्या फोटोंशेजारी यायला हवा होता.

त्याच फलकाच्या शेवटी आयोडीनबद्दल एक परिच्छेद आहे आणि तिथं माझी हरकत आहे. आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला मे २००६ पासून देशभर बंदी आहे आणि त्यामुळे गावठी मिठाचा बाजार आटला, असं त्यात लिहिलंय. बाजार आटला हे खरं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला ते दिसतं. पण परिच्छेद असा लिहिलाय की वाचणाऱ्याला वाटावं, आयोडीन हा मोठ्या कंपन्यांनी रचलेला डाव आहे. तसं नाही. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, गरोदर बाईला कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि मिठातून ते देणं हा आजवर सापडलेला सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांपर्यंत पोचणारा उपाय आहे. औषधांच्या दुकानात बसून मी हे रोज लोकांना सांगते. जेवणात आयोडीनयुक्त मीठ वापरावंच. गावठी मिठाला जागा आहे ती वेगळी. सुकी मासळी खारवायला, चेपणीच्या तोरांना (मिठाच्या पाण्यात मुरवायच्या कैऱ्यांना), पावसाळ्याच्या पुरुमेंताला म्हणजे बेगमीला, माडाच्या आळ्यात घालायला. आणि हा बाजार काही छोटा नाही, त्याची नीट सोय लावली तर पुष्कळ आगरं तग धरतील. शाळेतल्या फलकावर हे दोन्ही लिहायला हवं. मुलं ते वाचून घरी जाऊन सांगतात.

आता त्या भिंतीकडे येते जिच्यासाठी मी परत परत जाईन. सगळ्यांत आतली भिंत नववीच्या मुलांची. छायाचित्रकाराने त्यांना मिठाच्या कागदावर फोटो छापायला शिकवलं, आणि मीठ वापरलं ते आगरवाड्याचं.

ही पद्धत फोटोग्राफीच्या जन्माइतकी जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३० च्या दशकात ती शोधली आणि जानेवारी १८३९ मध्ये जाहीर केली. साधा कागद मिठाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवायचा. मग अंधाऱ्या खोलीत त्यावर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण कुंचल्याने लावायचं. मीठ आणि ते द्रावण एकत्र आलं की कागदाच्या धाग्यांत सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, जे उजेडात काळवंडतं. त्यावर निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचं. मार्चच्या गोव्याच्या उन्हात थोड्याच मिनिटांत चित्र उमटतं, डोळ्यांदेखत, जांभळट तपकिरी. मग कागद आधी साध्या पाण्यात धुवायचा आणि हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यात उरलेला क्षार काढायचा.

टॅलबट यांना यात एक गोष्ट सापडली होती जी मुलांनी स्वतः करून बघितली आहे आणि तीन कागद शेजारी लावून दाखवली आहे. पातळ मिठाने कागद उजेडाला जास्त हळवा होतो. दाट मिठाने तो जवळपास बहिरा होतो, उन्हात ठेवला तरी ढिम्म. आणि हायपो हाताशी नव्हतं तेव्हा टॅलबट चित्र टिकवण्यासाठी तेच मीठ दाट करून वापरत. एकच मीठ, चित्र काढायलाही आणि चित्र थांबवायलाही. हे तीन कागद या प्रदर्शनातली माझ्या लेखी सगळ्यांत हुशार गोष्ट आहे. एका मुलीने खाली लिहिलंय की घरचं पाकिटातलं मीठ आणि आगरावरचं मीठ दोन्ही वापरून बघितलं, छापील रंगात थोडा फरक आला, आगरावरच्या मिठाचा रंग जास्त तांबूस. का, ते तिने पुढं लिहिलेलं नाही, पण दोन्ही कागद लावलेत. मॅग्नेशियम क्लोराइडही चांदीबरोबर तोच क्षार देतं, आणि कागद, दमट हवा, द्रावणाचं प्रमाण या सगळ्यांनी रंग हलतो, तेव्हा कारण एकदम सांगता येणार नाही. तिने सांगायची घाई केली नाही. या वयात हे मोठं आहे.

छापलेले फोटो मुलांनी स्वतः काढलेले. आजी, शेजारी, मासे सुकवायची चटई, मानशीवर गळ टाकून बसलेला काका, आगराकडे जाणारी वाट. काही फिकट, काहींवर कुंचल्याचे ओघळ, एकावर कुणाचा तरी अंगठा उमटलेला. मुलांच्या कामाचं कौतुक करायचं म्हणून मी हे लिहीत नाही. त्यातले निदान चार-पाच फोटो मोठ्या माणसाच्या फोटोंशेजारी ताठ उभे राहतात. एका मुलाने आपल्या आईचा फोटो काढलाय, ती आगरावरून येऊन पायरीवर बसली आहे आणि पायातले मिठाचे कण झटकतेय. तिच्याकडे बघणारा तिचा मुलगा आहे हे त्या फोटोत कळतं, कारण ती कॅमेऱ्याची पर्वाच करत नाही. छायाचित्रकाराला पाच हंगाम जाऊनही अशी बेफिकिरी क्वचितच मिळाली आहे.

सिल्व्हर नायट्रेट म्हटल्यावर मी आधी सुरक्षेचं विचारलं. चामखीळ जाळायला ते वापरतात, पूर्वी नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचे अगदी सौम्य थेंब घालत, पण छपाईला लागतं ते द्रावण त्याहून पुष्कळ तीव्र असतं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. कातडीला लागलं तर काळा डाग पडतो तो कातडी झडेपर्यंत राहतो. विज्ञानाच्या बाईंनी मला सगळं दाखवलं: तपकिरी बाटली कुलपात, हातमोजे, चष्मे, एका वेळी चारच मुलं, द्रावण ओतायचं काम फक्त बाईंचं. हायपोच्या आधी कागद धुतलेलं पाणी मोरीत सोडत नाहीत. बादलीत साठवतात आणि त्यात मूठभर मीठ टाकतात, की विरघळलेली चांदी पांढरी होऊन तळाला बसते, ती गाळून वेगळी ठेवतात. म्हणजे पाणी साफ करायलाही आगरवाड्याचंच मीठ. बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. अशा शिक्षिका असल्या की प्रयोगशाळेचं दालन करायला हरकत नाही, प्रयोग कुठंच जात नाही.

व्यवहाराचं थोडं. शाळेच्या दिवशी दुपारी वर्ग सुटल्यावर संध्याकाळपर्यंत उघडं असतं, शनिवारी सकाळीही. प्रवेश मोफत. म्हापशाहून शिवोली, मग पूल ओलांडून चोपडें असं आलात तर वाटेत चालू आगरंही दिसतील. आधी ती बघा आणि मग फोटो, असा माझा सल्ला. बांधावर उतरू नका, रस्त्यावरूनच बघा. घडीची एक छोटी पुस्तिका मिळते, तीस रुपयांना, तिच्यात मानशीचे दोन्ही फोटो आहेत आणि मुलांचे तीन. दारापाशी आगरावरचं मीठ किलोकिलोने ठेवलंय, त्याचे पैसे थेट त्या बायकांच्या डब्यात जातात. मी दोन किलो घेतलं, यंदाच्या तोरांसाठी. मुलांना घेऊन जा. वयस्कर माणसांसाठी खुर्च्या आहेत पण दोनच. दाराला तीन पायऱ्या आहेत आणि उतार नाही, तेवढी सोय शाळेने करावी, कारण ज्यांचे गुडघे आगरावर गेले त्याच बायका इथं येताहेत.

आणि एक काम लगेच करायला हवं. मुलांच्या भिंतीसमोर पश्चिमेची खिडकी आहे आणि साडेचारनंतर ऊन थेट त्या कागदांवर येतं. मिठाचे छाप उजेडाने आणि दमट हवेने फिकट होतात, हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. पाठीमागच्या रांगेतला एक फोटो वरच्या कोपऱ्यात आताच पिवळा पडायला लागलाय. मी बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. खिडकीला जाड कापडाचा पडदा लावायचा, आणि जून लागायच्या आत सगळे छाप काढून आम्लरहित कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवायचे. पुड्या मी देते असं सांगून आले आहे. आईचा तो फोटो आधी काढून ठेवा.